धबधब्याच्या वरचं रान

परतवाडा
आषाढ वद्य एकादशी

प्रिय भास्कर,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पोळा झाला की तीन घरची मंडळी, सहा पोट्टे आणि काकू एवढा गोतावळा घेऊन चिखलदऱ्याला यायचं म्हणतोस. "धबधबे भरून वाहत असतील अशी तारीख कळव," असंही लिहिलंस. तारीख कळवतो, पण आधी एक गोष्ट समजून घे. धबधबा कधी बघायचा आणि त्याच्या किती जवळ जायचं, हे त्याच्या वरच्या अंगाला किती रान आहे, म्हणजे किती जमिनीवरचं पाणी त्याच्यात उतरतं, त्यावर ठरतं. पुढचं सगळं त्याच्याच आधाराने लिहितो.

चिखलदऱ्याचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर उंच आहे आणि त्याच्या दक्षिणेला एकदम पायनघाटाचं मैदान लागतं. इथले ओढे याच पठारावर उगम पावतात आणि थोडं वाहून इथल्याच कड्यावरून खाली उड्या घेतात. म्हणजे प्रत्येकाला पाणी पुरवणारं रान थोडकं. वर तासभर धो-धो कोसळला की धबधबा गर्जायला लागतो. उघडीप पडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची धार बारीक होते. इथे वर्षाला सरासरी दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मैदानापेक्षा कितीतरी जास्त, पण त्याचा मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्येच पडून जातो.

मग जुलै-ऑगस्टमध्येच का येऊ नये? झड लागलेली असते तेव्हा ढग पठारावरच बसलेला असतो. भीमकुंडाच्या कठड्याशी उभं राहिलं तर समोर पांढरा पडदा आणि खालून नुसता आवाज. शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेली माणसं तेवढंच ऐकून परत जातात आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं. पोळा ते नवरात्र हा काळ चांगला. तेव्हा पाऊस सरींनी येतो, मध्ये ऊन पडतं, गवत कमरेएवढं झालेलं असतं, आणि जमिनीत मुरलेलं पाणी झऱ्यांतून हळूहळू सुटत असल्यामुळे धारा अगदी तुटत नाहीत. चांगला पाऊस होऊन गेल्यावरचा दुसरा दिवस पकड. धुकं आलंच तर गाडी काढून दुसऱ्या पॉईंटकडे धावू नकोस. आहे तिथे वीस मिनिटं, अर्धा तास थांब. वारा फिरला की पडदा फाटतो आणि समोरची अख्खी दरी एका दमात दिसते. शनिवार, रविवार आणि १५ ऑगस्ट टाळ. त्या दिवशी घाटात गाड्या अडकतात आणि अर्धा दिवस तिथेच जातो.

आता सहस्रकुंडाचा धबधबा. तो तुमच्या उमरखेडच्या बाजूचा, पैनगंगेवरचा, पलीकडे नांदेड जिल्हा. इथे हिशेब बरोबर उलटा. पैनगंगा बुलढाण्याकडच्या अजिंठ्याच्या डोंगरांतून निघते, वाशीम-हिंगोलीचं पाणी घेत येते, कयाधू तिला मिळते, आणि मध्ये इसापूरचं धरण. मागे एवढं मोठं रान असल्यामुळे धबधबा बरेच दिवस रुंद आणि भरलेला राहतो. धोकाही त्यातच आहे. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतं, पाऊस काल वाशीमकडे पडलेला असतो, आणि त्याचा लोंढा आज दुपारी येतो. किंवा धरणाचे दरवाजे उघडलेले असतात. पेपरात विसर्गाचे आकडे येतात ते वाचत जा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. हजार क्युसेक सोडले तर दर सेकंदाला २८ हजार लिटर पाणी नदीत जास्तीचं येतं. सहस्रकुंडाला जाण्याच्या आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी इसापूरची बातमी बघायचीच. नदीच्या मधल्या खडकांवर पोरं उड्या मारत जातात ते अजिबात होऊ देऊ नकोस. मधल्या खडकावर असताना पाणी वाढलं तर आधी काठाकडची वाट बंद होते.

पाणी वाढतंय हे ओळखायच्या खुणा तुझ्या पोट्ट्यांना आधीच शिकवून ठेव. नितळ पाणी गढूळ व्हायला लागतं. काडीकचरा, वाळली पानं, फेस वाहत येतो. धबधब्याचा आवाज जड होतो. मघाशी उघडा दिसणारा दगड बुडतो. यातली एक जरी खूण दिसली तरी चपला-डबे गोळा करत बसायचं नाही, सरळ काठ चढून उंचावर जायचं. पात्राच्या कडेने खाली पळण्यात अर्थ नाही, पाणी माणसापेक्षा जोरात धावतं.

जेवढं वाहून जाण्याचं भय, तेवढंच डोहात उतरण्याचं. धबधबा पडतो तिथलं पाणी पांढरंशुभ्र दिसतं, कारण त्यात हवा मिसळलेली असते. अशा पाण्यात अंग नेहमीसारखं तरंगत नाही. शिवाय वरून पडणारी धार खाली जाऊन वर उसळते आणि पृष्ठभागावरचं पाणी पुन्हा धारेकडे ओढलं जातं. पट्टीचा पोहणारासुद्धा या ओढीत सापडतो, आणि "मला पोहता येतं" म्हणणारेच आधी उतरतात. म्हणून तुझ्या मेहुण्यांना स्पष्ट सांग: पडत्या धारेच्या डोहात कुणीच नाही. पोरांना पाण्यात खेळायचंच असेल तर धबधब्यापासून लांब, गुडघ्याच्या खाली पाणी असलेला, तळ दिसणारा संथ ओढा शोध आणि मोठ्या दोघांनी खालच्या अंगाला उभं राहावं. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी जोर असेल तर माणूस पाडतं. एक घनमीटर पाण्याचं वजन हजार किलो असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

गाडीत झाकण घट्ट बसणारा पाच लिटरचा रिकामा कॅन ठेव आणि त्याच्या मुठीला पंधरा मीटर दोर बांध. तळाशी कपभर पाणी असू दे, म्हणजे वाऱ्याने उडत नाही, नीट फेकता येतो. कुणी वाहायला लागलं तर मागोमाग उडी टाकायची नाही, कॅन त्याच्या पुढे फेकायचा आणि काठावर बसून, पाय रोवून ओढायचं. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात.

कड्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे लोक फसतात. सातपुड्याचा हा भाग लाव्हारसाच्या थरांचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एक थर काळा, टणक. त्याच्याखालचा पोकळ्यांनी भरलेला, मऊ, कुठे दोन थरांच्या मधे तांबड्या मातीचा पट्टा. पाणी मऊ थर कोरून नेतं आणि वरचा टणक थर छज्जासारखा पुढे राहतो. धबधबे उभे आणि सरळ पडतात ते याच कारणाने. पण वरून बघणाऱ्याला छज्जाखाली पोकळी आहे हे दिसत नाही. आपण उभा असलेला खडक घट्ट वाटतो आणि त्याच्या खाली आधारच नसतो. पावसाळ्यात भेगांत पाणी भरलं की असे तुकडे सुटतात. म्हणून कठडा आहे तिथे कठड्याच्या आत. कठडा नसेल तिथे काठापासून चांगली सात-आठ पावलं मागे. फोटोसाठी दरीकडे पाठ करून मागे सरकणं तर बंदच कर.

निसरड्याचंही तसंच. हिरवं शेवाळ सगळ्यांना दिसतं, सगळे टाळतात. खडकावर काळपट, पातळ, तुकतुकीत साय असते ती कोरड्या दगडासारखी दिसते आणि पाय तिच्यावरूनच जातो. रबरी स्लीपर किंवा झिजलेल्या तळव्याचे बूट आणू नका. तळाला खोल नक्षी असलेले, मागून पट्टा असलेले सॅंडल किंवा कॅनव्हासचे बूट चालतात. ओल्या खडकावर पूर्ण तळवा टेकवून छोटी पावलं टाकायची आणि हात मोकळे ठेवायचे. छत्रीने एक हात अडकतो आणि कड्यावरच्या वाऱ्यात ती माणसाला ओढते, म्हणून सगळ्यांना रेनकोटच घ्या.

वाटेचं सांगतो. अमरावतीहून परतवाडा साधारण ५० किलोमीटर, तिथून वर ३० च्या आसपास. वर जायला दोन रस्ते, एक बिहाली-घटांगवरून, दुसरा धामणगाव गढी-सलोना-मोथावरून. एकाने चढा, दुसऱ्याने उतरा, म्हणजे दोन्हीकडचं रान बघून होईल. पुसदहून एका दिवसात येऊन-जाऊन हे होण्यासारखं नाही. आदल्या रात्री परतवाड्याला मुक्काम करा आणि सकाळी सहाला निघा. डिझेल-पेट्रोल इथेच भरा. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं. सतत ब्रेक दाबला की तो तापून पकडेनासा होतो, आणि न्यूट्रल करून तर कधीच नाही. धुक्यात अप्पर लावला की उजेड उलटा डोळ्यांवर येतो, म्हणून डिप्परवरच चालवायचं. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. दरड पडते ती बहुतेक वळणाच्या कापलेल्या बाजूला, तिथे गाडी थांबवून भुट्टे खात बसू नये. भुट्टे वर गावातच खा. मोथा-सलोन्याकडे गवळ्यांचा खवा आणि दूध मिळतं, ते घेतल्याशिवाय येऊ नका.

सकाळी आधी भीमकुंड, अकराच्या आत. भीमाने कीचकाला मारून इथे हात धुतले आणि कीचकदऱ्यावरून चिखलदरा झालं, ही गोष्ट पोरांना कठड्याशी उभं करूनच सांग. मग पंचबोल, तिथे हाक मारली की दऱ्यांतून प्रतिध्वनी येतात. देवी पॉईंटला खडकातल्या देवळात छतातून पाणी पाझरतं. काकूंना ते फार आवडेल, पण पायऱ्या ओल्या असतात, गुडघे दुखतात त्यांचे, तेव्हा दोन्ही बाजूंनी कुणीतरी धरा. गाविलगड मात्र या खेपेला वगळ. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने घेतलेला तो किल्ला निवांत बघायचा आहे. गवत एवढं वाढलेलं असताना सहा पोरं घेऊन तिथे फिरणं मला पटत नाही. तो थंडीत बघू.

मुक्तागिरी परतवाड्याहून जवळ, हद्द ओलांडून मध्य प्रदेशात. ५२ जैन मंदिरं आणि मधून पडणारा धबधबा, दोन्ही एका नजरेत. पण पायऱ्या पुष्कळ आहेत. काकूंना खालीच बसवावं लागेल.

गोंदियाकडचा हाजरा फॉल तू विचारलास. सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनपासून चालत जाता येतं. तिथला खडक आपल्या सातपुड्याच्या थरांपेक्षा कितीतरी जुना, अब्जावधी वर्षांचा. मोठं रान, सुंदर जागा, पण तुला दूर पडेल. वेगळी सहल कर.

विजेची भीती पोळ्यानंतर वाढते, कारण तेव्हा दुपारचे गडगडाटी ढग येतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंदाला एक असे आकडे मोज. तीसच्या आत ऐकू आला तर पॉईंट सोडून गाडीत बसायचं आणि काचा लावायच्या. एकट्या झाडाखाली, लोखंडी कठड्याला टेकून उभं राहायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच उतरा.

गवतात आणि दगडांच्या फटीत साप असतात. हात कधीच न बघता कपारीत घालू नका. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा हलू न देता माणसाला निजवून न्यायचं. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, खाली अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. पण वर रेंज सगळीकडे नसते, म्हणून कुठे चाललो आणि कधी परत येणार हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघायचं.

सामान जास्त नको. प्रत्येकी दोन लिटर पाणी घरूनच भरून आणा. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गुरं बसतात, उकळल्याशिवाय पिऊ नका. प्रत्येकाचा एक कोरडा कपड्यांचा जोड वेगवेगळ्या पन्नीत बांधा, सगळे एकाच बॅगेत घातले की एक भिजला की सगळे भिजतात. टॉर्च, ओआरएसची पाकिटं, टॉवेल. एका पोराला एक मोठा माणूस नेमून दे, आणि प्रत्येक पॉईंट सोडताना मोजणी करा. कचऱ्यासाठी रिकामी गोणी आण आणि ती भरून खाली परतवाड्यापर्यंत आण. हे मेळघाट आहे, वाघाचं रान आणि कोरकू माणसांची गावं. त्यांच्या अंगणात, बायाबापड्यांचे फोटो काढायचे तर आधी विचारायचं.

पोळ्यानंतरच्या बुधवार-गुरुवारचं पक्कं करशील तर आधी चार दिवस कळव. मी आदल्या संध्याकाळी वरचं पाऊसपाणी आणि रस्त्याची हालत विचारून तुला फोन करतो. झड लागली असेल तर तुला स्वच्छ नाही म्हणेन, आणि मग तू पोरांचं रडणं ऐकून निघायचं नाहीस, एवढं कबूल कर.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोट्ट्यांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
विनायक

ता. क. कॅनला बांधायचा दोर नायलॉनचा, करंगळीएवढा जाड घे. सुतळी ओली झाली की तुटते.