हळदीकुंकू यंदा नाही

पुणे, शुक्रवार, रात्रीचे 11

ती. आई आणि बाबा,
सा. न.

आई, आधी रागवायचं ते रागवून घे. तुझं रविवारचं हळदीकुंकू मी रद्द केलंय. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू "तोवर मी ठणठणीत होते गं" म्हणाली असतीस आणि मी नेहमीसारखी गप्प बसले असते. समोरच्या काकूंना संध्याकाळी फोन केला, त्या सगळ्यांना कळवणार आहेत.

हिशेब तूच कर. ताप मंगळवारी आला. फ्लूचं माणूस ताप यायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला फ्लू देऊ शकतं. रविवारी तुझा सहावा दिवस. त्या दिवशी तू चाळीस जणींच्या कपाळाला हात लावणार, ओट्या भरणार, वर प्रत्येकीला थांबवून गप्पा मारणार. त्यात खालच्या मजल्यावरची सून, तिला सातवा महिना. गरोदर बाईला फ्लू जास्त जड जातो. तिला काही झालं असतं तर तुलाच झोप लागली नसती. रथसप्तमीला करू म्हणशील, तर ती सोमवारीच आहे. भांडीबाजारातून आणलेल्या वाट्या काही नासत नाहीत. तिळगूळ मात्र बाबांच्या नजरेआड ठेव.

आता दुसरं, जे लिहायला मला जास्त जड जातंय. मी येत नाहीये. चिनूचा ताप काल उतरला आणि आज सकाळपासून माझाच घसा धरलाय. अशी मी येऊन काय करणार? एका खोलीत तू खोकणार, दुसऱ्या खोलीत मी, आणि मधे बाबा त्यांची साखर सांभाळत. हे सगळं मला पटतंय, तरी दिवसभर 2009 चा ऑगस्ट आठवतोय. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा-कॉलेजं बंद, मास्क मिळेनात, आणि बाबा एशियाडने येऊन हॉस्टेलच्या फाटकाबाहेर तोंडाला रुमाल बांधून उभे. हातात मेथीच्या लाडवांचा डबा. तुम्ही तेव्हा आलात आणि मी आता येत नाहीये. बाबा, "वेडी आहेस का" असं फोनवर म्हणू नका, मला रडू येईल.

म्हणून इथून जमेल ते केलंय. काकूंकडून दोन्ही वेळचा डबा येईल, पुढचे दहा दिवस. आईला मऊ भात, मुगाचं वरण, हुलग्याचं कढण. बाबांना ज्वारीची भाकरी. पैशाचं मी त्यांच्याशी बोलले आहे, तुम्ही काढू नका.

बाबा, आता तुम्ही नीट वाचा. डॉक्टरांनी दिलेल्या फ्लूच्या गोळ्या पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, शेवटच्या गोळीपर्यंत. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी बंद नाही. तुम्ही तिला दुसऱ्याच दिवशी नेलंत ते फार बरं केलंत, ती गोळी पहिल्या 48 तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते. रिकाम्या पोटी दिली की मळमळतं, म्हणून आधी दोन घास. पॅरासिटामॉल दोन डोसांत सहा तास ठेवून. सर्दीची मेडिकलवाली गोळी सोबत नको, तिच्यातही बहुतेक तेच असतं, दुप्पट पडेल. आणि तुमच्या ड्रॉवरमधली उरलेली अँटिबायोटिकची पट्टी बाहेर काढायची नाही. फ्लू विषाणूचा, त्यावर ती चालत नाही. मनमाडला काय झालं होतं ते मी पुन्हा सांगत नाही.

झोपायला तुम्ही माझ्या खोलीत. कपाटात वरती निळी शाल आहे. आईच्या खोलीत जाताना दोघांनी मास्क लावा, तिचा टॉवेल वेगळा. थंडी आहे म्हणून तुम्ही खिडक्या दिवसभर बंद ठेवता, पण दुपारी ऊन येतं तेव्हा तासभर तरी उघडा. हात साबणाने 20 सेकंद, म्हणजे एकोणतीसचा पाढा पूर्ण होईपर्यंत. (तुम्ही मला तो नळावरच पाठ करून घेतला होता, आठवतं? पाणी वाया जातंय म्हणून आई ओरडायची.)

तुम्ही ऑक्टोबरमध्ये लस घेतलीत, म्हणून तुम्हाला फ्लू होणारच नाही असं नाही. झालाच तर सहसा सौम्य जातो, इतकंच. कृषीनगरचा ट्रॅक आणि नंतरची मिसळ आठवडाभर बंद. मित्रांना खुशाल माझं नाव सांगा. साखर रोज तपासा, आजारपणात ती वर जाते. तुम्हाला कसकस वाटली तर त्याच दिवशी डॉक्टर. आई, तू "मला कशाला" म्हणून लस घेतली नाहीस त्यावर मी काहीच बोलत नाहीये, बघ.

ऑक्सिमीटर उद्या पोहोचेल. आईचे हात गार असतात. आधी चोळून ऊब आणा, मग बोटाला लावा, नाहीतर आकडा चुकीचा येतो. 94 च्या खाली दिसला, धाप लागली, छातीत दुखलं, बोलताना गोंधळली, किंवा उतरलेला ताप एक-दोन दिवसांनी पुन्हा चढला, तर सकाळची वाट बघायची नाही. आधी डॉक्टरांना फोन, ते नाही भेटले तर 108. मग मला. रात्रीचे तीन असले तरी.

एरवी घाबरू नका. चिनू पाच दिवसांत उठून भांडायला लागला. तुझा खोकला आणि थकवा दोन आठवडे रेंगाळेल, ते चालेल. तोवर कपडे वाळत घालायलाही गच्चीवर जायचं नाहीस.

आई, लहानपणी मला ताप आला की तू रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवायचीस, आणि मी जागी असूनही डोळे मिटून घ्यायचे, तू उठून जाऊ नयेस म्हणून. तुला ते कळायचं का गं?

सकाळी ताप आणि आकडा दोन्ही मेसेज करा बाबा. फोन नको, ती झोपलेली असेल.

तुमची,
ठमी