चिमणीवर फिल्टर का बसत नाही: सच्याला पत्र

प्रिय सच्या,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की तुमच्या चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून एवढा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जातो तर वर एखादा फिल्टर बसवून मोकळे का होत नाहीत, मी तेव्हा कंपनीच्या बसमध्ये होतो, यवतच्या पुढे रेंज गेली आणि उत्तर राहूनच गेलं. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून आज सुट्टी आहे तर हडपसरला घरी बसून सगळं लिहितोय.

अरे, राख असती तर तुमच्या ईएसपीनेच (विजेच्या भाराने राख ओढून घेणारं यंत्र) धरली असती. पण हा गॅसात मिसळलेला गॅस, कोळशाच्या धुरात साधारण १२ ते १५ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. त्याला वेगळा काढायचा तर असं द्रावण पाहिजे की जे सीओटूला धरेल आणि नायट्रोजनकडे ढुंकूनही बघणार नाही. ते म्हणजे अमाईन, अमोनियाच्या घराण्यातलं रसायन. ही आजकालची गोष्ट नाही बरं का, बॉटम्स नावाच्या माणसाला याचं पेटंट मिळालं १९३० साली, आणि नॉर्वेत स्लाइपनरच्या समुद्रातल्या गॅसक्षेत्रात १९९६ पासून नैसर्गिक वायूतला सीओटू अमाईननेच काढून समुद्राच्या तळाखाली सोडतात.

कुरकुंभला आमच्या पायलट प्लांटमध्ये (छोटा चाचणीचा प्लांट) पाण्यात ३० टक्के एमईए असतं, मोनोइथेनॉलअमाईन नावाचं अमाईन. धूर ४० अंशाला आणून कॉलमच्या, म्हणजे उंच उभ्या नळकांड्याच्या, खालून सोडायचा, एमईए वरून आतल्या पॅकिंगच्या भरावावर ओघळत येतं आणि वाटेत सीओटू धरतं. कॉलमच्या वरच्या अंगाचं तापमान दाखवणारं थर्मोकपल बघशील तर ६०च्या वर गेलेलं असतं, बाहेरून कोणी तापवत नाही, ती रिॲक्शनचीच उष्णता. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हाच मला सगळा हिशेब कळला. धरताना जेवढी उष्णता बाहेर पडली तेवढी सोडवताना परत द्यावी लागते, आणि वर व्याज. कारण सोडवायला स्ट्रिपर नावाच्या दुसऱ्या कॉलममध्ये १२० अंश लागतात, त्यात एमईएबरोबर ते ७० टक्के पाणीही तापवायचं, शिवाय त्यातली काही वाफ सीओटूबरोबर वर निघून जाते ती वेगळी. सगळं धरून सीओटूच्या एका टनाला साधारण साडेतीन ते चार गिगाज्यूल.

आता तुझ्या ५०० मेगावॉटच्या युनिटला लाव. तासाला साडेचारशे टनांच्या आसपास सीओटू निघत असेल, म्हणजे स्ट्रिपर तापवणाऱ्या रिबॉयलरला साडेचारशे मेगावॉटच्या घरात उष्णता, आणि ती स्टीम टर्बाइनमधूनच काढून घ्यायची. तुझी वीज तिथे जाते रे. चिमणीवर काही बसत नाही त्याचं मुख्य कारण हे, द्रावण मिळत नाही हे नव्हे.

आणि द्रावणाचं आयुष्य हा दुसरा त्रास. एमईए नवीन असतं तेव्हा पाण्यासारखं स्वच्छ, धुरातल्या ऑक्सिजनने हळूहळू चहासारखं होतं आणि मग काळपट. एसओटू (सल्फर डायऑक्साइड) आला तर असा क्षार बनतो की नुसतं तापवून एमईए परत मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्याच नाईट शिफ्टला, अडीचच्या सुमारास, कॉलमचा डीपी (खालच्या-वरच्या दाबातला फरक) अचानक चढायला लागला, खाली लेव्हल घसरतेय, साईट ग्लासमध्ये बघतो तर पांढरट फेस, पार वरपर्यंत. गॅस कमी केला, अँटिफोम मारला, तोवर बरंच एमईए धुराबरोबर वरच्या नॉकआउट ड्रमात (गॅसबरोबर आलेले थेंब अडवणारी टाकी) गेलं होतं. द्रावणातली फेस आणणारी घाण काढणारा कार्बन फिल्टर बदलायची तारीख मी आठवडाभर पुढे ढकलली होती, सच्या. ऑपरेटर काकांनी दोनदा आठवण केली होती. सकाळी त्यांनी काही न बोलता नवीन फिल्टर बसवला आणि मला चहा आणून दिला, मला ते फार लागलं. तेव्हापासून सॅम्पलची बाटली रोज मी स्वतः उजेडात धरून बघतो.

नवीन द्रावणांवर काम खूप चाललंय. एमडीईएसारखी अमाईन सोडवायला हलकी पण धरायला संथ, म्हणून त्यात थोडं पायपेराझीन घालतात, ते चपळ आहे. माझा जीव या मिश्रणांत अडकलाय, कारण टनामागे अर्धा गिगाज्यूल जरी वाचला तरी तुझ्या युनिटला तासाला सव्वादोनशे गिगाज्यूल सुटतात. जुने प्लांट पाडून नवे बांधायला आपल्याकडे कोणाकडे एवढा वेळ नाही, चालू युनिटलाच काहीतरी जोडावं लागणार असं मला अगदी मनापासून वाटतं. तुतिकोरिनला एका सोडा ॲशच्या कारखान्याने बॉयलरच्या धुरातला सीओटू धरून आपल्याच कामाला लावला होता, तेव्हा आपल्या देशात जमत नाही असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

तू एक काम कर. तुमच्या आयपी आणि एलपी (मध्यम आणि कमी दाबाच्या) टर्बाइनच्या मधल्या क्रॉसओव्हर लाईनवर, जिथून रिबॉयलरची स्टीम काढता येईल, किती दाब असतो, फुल लोडला आणि अर्ध्या लोडला, दोन्ही आकडे आणि तिथे टॅपिंग, म्हणजे स्टीमसाठी फाटा, काढायला जागा आहे का ते बघून कळव. आमच्याकडे सगळे फुल लोडचाच हिशेब मांडतात, आणि तूच म्हणालास ना की दुपारी सोलर आलं की तुमचं युनिट खाली येतं.

दिवाळीत आलास की कुरकुंभला घेऊन जातो, बूट आणि हेल्मेट माझ्याकडे आहे. वहिनींना नमस्कार, पिंट्याला पापा.

तुझाच,
मन्या