सालबर्डीची पन्नी पायथ्याशीच उतरवून घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाशिवरात्रीला मोर्शीजवळच्या सालबर्डीच्या डोंगरातील महादेवाला जाणाऱ्या हजारो भाविकांपैकी मी एक आहे. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो आणि आता नातवाचा हात धरून जातो. या यात्रेत पडणाऱ्या पन्नीबाबत, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या-वेष्टनांबाबत, एक सूचना आपल्या पत्राद्वारे मांडावयाची आहे. ती मला श्रीलंकेच्या डोंगरात सुचली, म्हणून तेथील हकीकत आधी थोडी सविस्तर सांगतो.

मागच्या हिवाळ्यात मुलाच्या आग्रहाखातर आम्ही उभयता श्रीलंकेला गेलो. बेट म्हणजे समुद्र आणि नारळ एवढीच आमची समजूत होती. प्रत्यक्षात त्या बेटाच्या मध्यभागी २,००० मीटरहून उंच डोंगर आहेत आणि त्यांतील सर्वांत उंच पिदुरुतलागला २,५२४ मीटर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या दुपटीहून अधिक उंच आहे. त्याच डोंगराळ भागात हॉर्टन प्लेन्स नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. महावेली, केलानी आणि वलवे या तीन नद्यांचा उगम त्या परिसरात होतो आणि २०१० पासून तो जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे. पायवाटेचा फेरा साधारण नऊ किलोमीटरचा असून ‘वर्ल्ड्स एंड’ या कड्यावर तो अचानक संपल्यासारखा होतो. खाली कित्येकशे मीटर सरळ दरी असते, आणि सकाळचे नऊ-दहा वाजले की धुके चढून सारे झाकून टाकते, त्यामुळे लोक पहाटेच निघतात.

मला मात्र त्या कड्याहून प्रवेशाचा नाकाच अधिक आठवतो. तेथील रक्षकाने आमची पिशवी उघडली, बिस्किटांचे पुडे फोडून बिस्किटे कागदी पिशवीत भरली, रिकामी वेष्टने स्वतःजवळ ठेवून घेतली आणि पाण्याच्या बाटलीवरचा प्लॅस्टिकचा पट्टाही नखाने सोलून काढला. सौ.ने चिवडा घरून स्टीलच्या डब्यात आणला होता, त्याला त्याने हातसुद्धा लावला नाही. सारे मिळून दोन मिनिटांचे काम, पण पुढच्या तीन तासांच्या वाटेवर मला एकही पुडी पडलेली दिसली नाही. पठारावर सांबरे माणसाला न बुजता चरतात आणि खाण्याच्या वासाने पन्नीही गिळतात, म्हणून ही तपासणी आहे. हे ऐकताना मला आमची कालवड आठवली. तिचे पोट फुगले तेव्हा डॉक्टरांनी ते चिरून पन्न्यांचा ओला गोळा बाहेर काढला होता आणि तरीही ती वाचली नाही.

श्रीलंकेचे लोकच शिस्तीचे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. दोन दिवसांनी आम्ही २,२४३ मीटर उंचीच्या श्रीपाद शिखरावर गेलो. शिखरावरील पाऊलखुणेला बौद्ध बुद्धाची मानतात, हिंदू शिवाची, तर मुसलमान व ख्रिस्ती आदमची. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्याच्या पौर्णिमेपर्यंत यात्रा चालते, हजारो पायऱ्या लोक रात्रभर चढतात आणि एकमेकांना ‘करुणावयि’ म्हणतात. आपल्या ‘हर हर महादेव’सारखेच ते कानाला गोड वाटले. पण त्या वाटेला दुतर्फा दुकाने होती, पिशव्या कोणी पाहत नव्हते आणि पायऱ्यांच्या कडेला सालबर्डीसारखाच कचरा होता. देश तोच, माणसेही तीच. फरक होता तो फक्त पायथ्याशी पिशवी पाहणाऱ्या माणसाचा.

सालबर्डीला यात्रा उठल्यानंतर डोंगराच्या वाटेवर आणि माडू नदीच्या पात्रात काय उरते, हे या भागातील प्रत्येकाने पाहिलेले आहे. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकण्याच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली, परंतु वेफर्स, कुरकुरे यांच्या पुड्या त्या यादीत नाहीत, आणि डोंगरात सर्वाधिक पडतात त्या याच. त्यामुळे केवळ बंदीवर विसंबून भागणार नाही. यात्रेच्या दिवसांत चढण सुरू होते तेथे पिशव्या पाहाव्यात, खाऊ कागदी पिशवीत काढून द्यावा, वेष्टने तेथेच पोत्यात जमा करावीत आणि वरच्या दुकानांना पुडीबंद माल विकण्याची परवानगीच देऊ नये. फुटाणे, रेवड्या, उकडलेली रताळी यांसाठी पळसाच्या पानांचे द्रोण पुरेसे आहेत. ते लावणाऱ्या बाया आपल्याच गावांत आहेत आणि त्या दिवसांत त्यांच्या हाताला कामही मिळेल. भाविकांची पिशवी तपासणे कोणाला अपमानाचे वाटू नये, म्हणून हे काम पोलिसांऐवजी गावोगावच्या भजनी मंडळांनी करावे, असे माझे मत आहे.

आमच्या गावातील भजनी मंडळाशी मी बोललो आहे. पुढील महाशिवरात्रीला पाळीपाळीने उभे राहण्यास मंडळाचे लोक तयार आहेत. पोती, टेबल आणि कागदी पिशव्या आम्ही आणू. यात्रेचे नियोजन करणाऱ्यांनी पायथ्याशी आम्हाला जागा तेवढी नेमून द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक संत्रा उत्पादक शेतकरी
ता. मोर्शी, जि. अमरावती