एका स्क्रूसाठीही विचारणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या तुमच्या काउंटरवर इतकी गर्दी असते की समोर उभं राहून धड आभारही मानता आले नाहीत. "हो काकू, असू दे काकू" म्हणत तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडायला घेतलात. म्हणून हे पत्र. मुद्दाम चारचौघांसमोर लिहितेय, कारण घरातला जुना कॉम्प्युटर विकायला तुमच्याकडे येण्याआधी जे वाट्याला आलं तेही चारचौघांना कळलेलं बरं.

तो कॉम्प्युटर माझ्या मुलानं 2021 मध्ये स्वतःच्या हातानं जोडला. त्या वर्षी ग्राफिक्स कार्डांचे, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागाचे, भाव आभाळाला भिडले होते. एक तर चिपचा तुटवडा, त्यात क्रिप्टो, म्हणजे आभासी चलन, तयार करणारे दिसेल ते कार्ड उचलत होते. मुलानं कार्डाचा नाद सोडला आणि रायझन 5 5600जी हा प्रोसेसर घेतला, ज्याच्या आतच ग्राफिक्स असतं. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे 170 मिलिमीटरचा चौकोन. वर नॉक्टुआ कंपनीचा 37 मिलिमीटर उंचीचा बुटका कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा, कारण त्या डब्यात उंच कूलर मावतच नाही. एवढ्याशा जागेत वायरी वळवून बसवायला तो रात्री जागलाय, ते मी पाहिलंय. पुढे तो शिकायला जर्मनीला गेला आणि मशीन कापडाखाली झाकून राहिलं. जेमतेम वापरलेलं. आता आम्ही लहान जागेत राहायला जातोय, तेव्हा तोच म्हणाला, "आई, पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येऊ दे."

कामी येऊ देणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं.

"असेंबल्ड ना? असेंबल्डला रीसेल नसते." हे तर जो तो म्हणाला. एका दुकानदारानं झाकणही न उघडता सांगितलं की विंडोज 10 बंद झालं आणि यावर 11 चालणार नाही, म्हणजे हे भंगारच. एक जण घरी आला, सोफ्यावर बसून डबा उघडला, आत टॉर्च मारली आणि म्हणाला, "बाकीचं ठेवा तुम्हाला, रॅम तेवढी द्या." रॅम म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी, आणि तिच्यासाठी देऊ केलेली रक्कम इथे लिहायचीही लाज वाटते. आणि एकानं फोनवर आपण लष्करात असल्याचं सांगून क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करून पिन टाका, लगेच पैसे जमा होतील म्हणे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. मी बँकेत नोकरी केलेली बाई आहे. फोन ठेवला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. वाचणाऱ्यांनीही हा नंबर लक्षात ठेवावा.

या सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे समोरच्या बाईला काही कळत नसावं.

मग कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. मी पिशवीतून डबा काढून ठेवला. तुम्ही भाव विचारला नाहीत. चालू करूनही बघितलं नाहीत. आधी चार स्क्रू काढलेत, झाकण बाजूला ठेवलंत आणि आतली ती चपटी पट्टी, म्हणजे सगळी माहिती साठवणारी एसएसडी, बाहेर काढून माझ्या हातावर ठेवलीत. "काकू, हे आधी पर्समध्ये टाका. यात घरचं सगळं असेल."

मी म्हटलं, मुलानं सगळं डिलीट केलंय. त्यावर तुम्ही म्हणालात, "केलं असेल, पण तुम्ही माझ्यावर विश्वास तरी का टाकायचा? घरी नेलं की प्रश्नच मिटला."

दादा, त्या पट्टीवर मुलाचा पासपोर्ट होता, मार्कशीट होत्या, व्हिसाचे कागद, आमची बँक स्टेटमेंटं. डिलीट केलेलं कुणी परत बाहेर काढलं तर? रात्री मला हीच धास्ती वाटायची आणि मी ती कुणापुढे बोलले नव्हते. तुम्ही ती न सांगता ओळखलीत. पट्टी चंदेरी पाकिटात घातलीत, पाकिटावर पेनानं "विकायचं नाही" असं लिहिलंत. मग चिमटीत एक स्क्रू धरून, मोहरीहून जरासाच मोठा, मला विचारलंत, "हा मी ठेवू का? नवीन ड्राइव्ह बसवायला लागेल."

एवढ्याशा स्क्रूसाठी तुम्ही माझी परवानगी मागितलीत! ज्यानं माझ्या घरी येऊन डबा उघडला त्यानं हातसुद्धा न विचारता घातला होता.

त्यानंतर तुम्ही जे सांगितलंत ते सगळं तुमच्या नफ्याच्या विरुद्ध होतं. हा प्रोसेसर विंडोज 11 ला व्यवस्थित चालतो. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीला इतकी मागणी आहे की रॅमचे भाव चढलेत, म्हणून तर त्या गृहस्थाचा डोळा रॅमवर होता. बिलांची फाईल चाळताना तुम्हीच दाखवलंत की नॉक्टुआची वॉरंटी सहा वर्षांची असते, घेणाऱ्याला ते बिल द्या. जुन्या मालाच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं अज्ञान हीच कमाई मानणारे पुष्कळ आहेत. तुम्ही मला शहाणं करून मग भाव ठरवलात, आणि स्वतःसाठी फक्त सर्व्हिसिंगचे पैसे घेतलेत, तेही रीतसर बिल देऊन. असा माणूस भेटला की दिवसभर बरं वाटत राहतं, आपणही कुणाशी तरी असंच वागावंसं वाटतं.

तुम्ही गाठ घालून दिलेली मुलगी, जिनं हे मशीन घेतलं, सीएची आर्टिकलशिप म्हणजे शिकाऊ उमेदवारी करते, कॉट बेसिसवर, म्हणजे पलंगापुरती जागा भाड्यानं घेऊन, राहते. तिच्या वाट्याच्या अर्ध्या टेबलावर मॉनिटरमागे हा डबा बसतो, असं तिनं कळवलं. हिशोबाचं टॅली आणि मोठमोठ्या एक्सेल शीट एकत्र उघडल्या तरी अडत नाही म्हणाली. मुलाला सांगितलं तर तो तिकडे रात्रीचा उठून बसला आणि कूलरची धूळ कशी काढायची ते लिहून पाठवलं. ते मी तुमच्या व्हॉट्सॲपवर टाकलंय. तिला काही अडलं तर थेट विचारावं असं त्याचं म्हणणं आहे. त्याचा नंबर तिला द्यायचा का, ते तिला विचारून मला कळवा.

तुमची मनापासून आभारी,
रॅम न विकलेल्या काकू