मुसळीची रोपे घेताना ट्रेमधले रोप उपटून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस जवळ आला की सफेद मुसळी या औषधी मुळ्यांच्या पिकाच्या रोपांच्या जाहिराती सुरू होतात. ‘टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली), म्हणून रोगमुक्त’ हे त्यांतले ठरलेले वाक्य अर्धेच खरे आहे. शास्त्रीय नावात बोरिवली मिरवणारी ही वनस्पती बियांपासून कमी आणि मागेपुढे उगवते. मुळी लावायची तर तिला गड्ड्याचा डोळा चिकटलेला हवा. प्रयोगशाळेतली रोपे म्हणून सोयीची, यात वाद नाही.

पण प्रयोगशाळेतही सुरुवात त्याच डोळ्यापासून होते आणि घोळ तिथेच आहे. तो जमिनीखालचा, जंतूंनी भरलेला. आधी अर्धा तास वाहत्या पाण्याखाली धुवायचा, मग कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या ०.१ टक्का द्रावणात भिजवायचा. लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटात, ७० टक्के अल्कोहोल अर्धा मिनिट, ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड हे जंतुनाशक ५ ते ७ मिनिटे आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने चार-पाच धुण्या. वेळ लांबली तर डोळा तपकिरी पडून मरतो, कमी पडली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाटलीत बुरशीचा कापूस. बुरशी निदान दिसते तरी. आतले जिवाणू कोंब कापून नव्या बाटलीत लावायच्या दोन-तीन फेऱ्या गप्प राहतात आणि मग कोंबाच्या बुडाशी अगारमध्ये (बाटलीतल्या जेलीसारख्या माध्यमात) दुधाळ कडे उमटते. ती बाटली न उघडता थेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या यंत्रात, जायला हवी. ‘कोंब हिरवा आहे ना’ म्हणून तो पुढे कापला की त्याच चिमट्या-पात्यातून अख्खा लॉट बाटतो. विषाणू तर या धुण्याने जातच नाहीत. त्यासाठी मातृरोपाची, म्हणजे डोळा ज्याचा घेतला त्या रोपाची, तपासणीच लागते.

दुसरी खोड घाईची. कोंब फुटायला लिटरभर माध्यमात साधारण २ मिलिग्रॅम बीएपी हे कोंब फोडणारे संप्रेरक पुरते. संख्येच्या हव्यासाने ते दुप्पट-तिप्पट केले की कोंब काचेसारखे पाणीदार होतात. बाटलीत टवटवीत, ट्रेमध्ये दोन दिवसांत आडवे. फेऱ्या वाढल्या की बिघडलेली रोपे वाढतात, म्हणून केळीत साधारण ८ फेऱ्यांपलीकडे जात नाहीत, मुसळीलाही आम्ही तोच हिशेब लावू.

मुळीतल्या औषधी घटकाचे, सॅपोनिनचे म्हणाल तर रोप मातृरोपावर जाते. ते निकृष्ट असेल तर प्रयोगशाळा निकृष्टच लाखभर करून देईल.

घेणाऱ्याने एक करावे: ट्रेमधले रोप अलगद उपटून बघावे. पांढऱ्या मुळ्यांनी कोकोपीट धरून ठेवलेले हवे. मुळांना अगारचा बुळबुळीत थर राहिला असेल तर त्यातल्या साखरेवर बुरशी बसते आणि रोप बुडातून सडते. बाटलीतल्या पानांवर मेणाचा थर नीट नसतो, पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटत नाहीत. त्यामुळे दमट शेडमध्ये ओलावा हळूहळू उतरवत निदान सहा आठवडे काढलेलेच रोप शेतात टिकते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांची प्रमाणीकरण व्यवस्था २००६ पासून आहे. आपला लॉट तिच्याखाली तपासला आहे का, हे विचारायला लाजू नये.

आणि मागणी हिवाळ्यातच नोंदवावी. मुसळीची पाने पावसाळा सरता सरता पिवळी पडतात. ऑगस्टमध्ये हाती आलेल्या रोपाला मुळ्या भरायला दिवसच उरत नाहीत.

आपले,
टिश्यू कल्चरच्या कामातले दोन वाचक