तारपकरी बाबांना, उघडं पत्र

बाबा, नमस्कार.

तुम्ही म्हणाल, बाई येता-जाता भेटतात, मग कागद कशाला? पण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही सुनेला चहा टाकायला सांगता आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लिहूनच टाकते, तेही चारचौघांना वाचता येईल असं. नाव घालू नका म्हणालात, घातलेलं नाही. जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरचे तारपकरी, म्हणजे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारे, एवढं पुरे.

पहिले आभार तुमच्या नकाराचे. 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन, शाळेत कार्यक्रम, त्यात तारपा नाच हवाच असं ठरलेलं. मी भर पावसात तुमच्या दारात उभी. तुम्ही आढ्याला टांगलेल्या तारप्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाहीत. "भात अजून पोटरीत नाय बाई, आता तारपा कोणासाठी वाजवू?" तारपा भात पिकल्यावरच वाजतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! मग तुम्हीच म्हणालात, गौरी येतायत, पोरींना गौरीनाच येतो, तो घ्या. पोरींना तो इतका येत होता की बसवायचं काही उरलंच नाही. मी सांगलीकडची, लेझमीवर वाढलेली. शिट्टी वाजवून आकडे मोजायची माझी हौस त्या पोरींनी बाजूला ठेवायला लावली.

कापणी सुरू झाली आणि एका दुपारी तुम्ही स्वतःच तारपा खांद्यावर टाकून फाटकात हजर. त्या दिवशी मुलांनी तो हातात घेऊन बघितला. वाळवलेला दुधी, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. शाळेच्या भिंतीवर कोणीतरी वारली चित्र काढून ठेवलंय, त्यात तारपा म्हणजे एक वाकडी रेघ. जिव्या सोमा म्हसेंना 2011 साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांमुळे तो नाचाचा वेढा जगाला माहीत झाला, हे मी वर्गात शिकवते. पण ती रेघ मेणाच्या वासाची असते, हे पोरांना तुमच्यामुळे कळलं. मलाही.

आणि तो श्वास! वाजवणाऱ्याने दम घ्यायला थांबायचं नाही, कारण नाचणारे थांबत नाहीत. गालात हवा धरून ती बाहेर सोडायची आणि तेवढ्यात नाकाने आत घ्यायची. हे शिकवायला तुम्ही परसातल्या पपईच्या पानांचे पोकळ देठ कापून आणलेत आणि पाण्याने भरलेली बादली मांडलीत. देठातून फुंकत राहायचं, बुडबुडे तुटता कामा नयेत. पहिल्या दिवशी निम्मी बादली पोरांच्या अंगावर. सहावीतल्या एकाचे बुडबुडे मात्र तुटेनात. तुम्ही त्याच्याकडे नुसतं बघितलंत, शाबासकी वगैरे काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी धाकटा तारपा घेऊन आलात. आता त्याला देवचाळा आणि मोराचा चाळा या तारप्याच्या चाली येतात. लावरीच्या चाळ्यात अडखळतो, पण तो तर तुमच्या मते मोठ्यांनाही अडखळवतो.

त्या स्पर्धेचंही बोलायला हवं. आयोजकांचं म्हणणं, मुलांनी परीक्षकांकडे तोंड करून ओळीत नाचावं. तुम्ही एवढंच म्हणालात की तारप्याला पाठ दाखवत नाहीत. कंबरेत हात गुंफायचे, पुढच्याने घुंगरांची काठी आपटत पावलं बदलायची खूण द्यायची, आणि सगळ्यांनी तारप्याभोवतीच फिरायचं. स्टेजवर तेवढी जागाच नव्हती. मग तुम्ही पोरांना खाली मैदानात उतरवलंत, आणि थोड्या वेळाने प्रेक्षकांतल्या बाया वेढ्यात शिरल्या. नंबर आला नाही. येणार कसा, परीक्षकांना आमची पोरं कोणती हेच कळेना! मला तरी त्या दिवशीचं दुसरं काही आठवत नाही.

सगळ्यात मोठे आभार वेळेचे. दिवाळी सरली की पाड्यावरची घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात, हजेरीपट निम्मा रिकामा होतो. म्हणजे भात घरात येणं आणि माणसं घराबाहेर पडणं, यांच्या मधल्या फटीत तारप्याचा हंगाम. त्या फटीतली प्रत्येक संध्याकाळ तुम्ही शाळेला दिलीत, स्वतःची झोडणी उरकून. तुमचे गुडघे दुखतात हे मला सूनबाईंनी सांगितलं, तुम्ही कधीच नाही. त्या सहावीतल्या पोराची आई यंदा त्याला सोबत न नेता हंगामी वसतिगृहात ठेवून गेली. "बाबा शिकवतात तर राहू दे," म्हणाली.

बाकी किती गोष्टी. वाघबारशीला गुराख्यांबरोबर वाघोबाच्या ठाण्याशी मला नेलंत. लाकडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. मी फोन काढला तेव्हा "आधी नारळ, मग फोटो" म्हणालात. चैत्रात मोखाड्याला बोहाडा बघायला जायचं ठरलंय. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर रात्रभर सोंगं नाचताना बघायची म्हणजे आदल्या दिवशी झोपून घ्या, हा तुमचा सल्ला लक्षात आहे.

एक कळवायचंय. तुम्ही दिलेल्या बिया शाळेच्या मागे लावल्या होत्या, वेल कुंपणावरून पार पाण्याच्या टाकीवर चढलाय. दुधी धरलेत. पोषण आहाराच्या मावशींचा त्यांच्यावर डोळा आहे, म्हणून मुलांनी "हे भाजीचे नाहीत" अशी पाटी टांगली आहे. पण वेलावर नेमके कुठले जून होईपर्यंत ठेवायचे ते आम्हाला कळत नाही. बाजाराच्या दिवशी इकडून जाल तेव्हा आत या आणि दाखवून जा. चहा या वेळी शाळेचा.

तुमची,
शाळेतल्या बाई