आधी मूळ दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

मुळांत शिरून झाडाचं अन्न ओढणाऱ्या सूत्रकृमी नावाच्या बारीक किड्यांपासून तुम्ही आमची डाळिंबाची बाग वाचवलीत, त्याचे आभार मानायला फोन पुरला असता. पण फोनवर तो विषय निघाला की तुम्ही लगेच "पांढरी मुळी कशी आहे?" असं विचारता आणि सगळं बोलणं तिकडंच वळतं. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. सांगोला, आटपाडी, माण, मंगळवेढा या पट्ट्यात डाळिंब पिवळं पडलं की आधी दुकान गाठणारी घरं अजून पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांना तुमच्यासारखं कुणी भेटेलच असं नाही.

आमच्या भगवा जातीच्या डाळिंबाच्या बागेत आधी मुरमाड कडेची झाडं खराब झाली. दुपारी शेंडे मान टाकायचे, संध्याकाळी पुन्हा ताठ व्हायचे. पानं बारीक, फुटवा आखूड, फळ फुगायचं नावच घेईना. सल्ला देणारे खूप आले. कुणी फेरस आणि झिंक (लोह-जस्ताची खतं) लिहून दिलं, कुणी मर रोग म्हणून बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणं) सांगितली, कुणी दोन्ही. सगळ्यांनी पानं उलटीपालटी करून बघितली, फांदी मोडून बघितली. जमिनीखाली काय चाललंय ते एकानंही पाहिलं नाही.

तुम्ही आलात आणि चहाच्या आधी आमच्या सासऱ्यांकडं, आण्णांकडं, खुरपं मागितलंत. आण्णा तुम्हाला वाळून गेलेल्या झाडाकडं नेत होते. तुम्ही तिथं थांबला नाहीत, अर्धवट पिवळ्या झाडापाशी बसलात. मेलेल्या झाडाचं मूळ कुजलेलं असतं, तिथं सूत्रकृमींना खायला काही उरत नाही. नमुना घ्यायचा तो आजारी पण जिवंत झाडाखालचा, हे आम्हाला तेव्हा कळलं. ड्रिपरच्या शेजारची वरची कोरडी माती बाजूला सारून तुम्ही वीतभर खाली गेलात. मूळ ओढलं नाहीत. पाणी सोडून माती मऊ केलीत, गड्डा अलगद उचललात आणि घमेल्यात हलवून धुतलात. पाणी निवळल्यावर त्या बारीक मुळ्या रुद्राक्षाच्या माळेसारख्या गाठाळलेल्या दिसल्या.

आण्णा म्हणाले, "ह्या तर भुईमुगाच्या मुळावर असत्यात तसल्याच की. त्या चांगल्या असत्यात म्हणं."

त्यांच्याशी तुम्ही ज्या आदरानं बोललात, त्यासाठी वेगळे आभार. "आण्णा, तुमचं बरोबर आहे, भुईमुगाच्या गाठी चांगल्याच," असं म्हणून तुम्ही त्यांच्याच हातात मूळ दिलंत आणि नखानं गाठ काढायला सांगितलीत. भुईमुगाची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखानं सहज सुटते, फोडली तर आत गुलाबीसर असते. ही गाठ सुटेना, कारण इथं मूळच सुजलेलं होतं. आण्णांनी चार-पाच ठिकाणी प्रयत्न केला आणि गप्प बसले. त्या दिवसापासून गावात कुणाचंही झाड पिवळं दिसलं की आण्णाच आधी खुरपं काढतात.

तरीही तुम्ही औषधाचं नाव काढलं नाहीत. आधी तपासणी. पाव किलो माती आणि थोडी बारीक मुळी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सावलीत, माती वाळू द्यायची नाही आणि उन्हात गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवायची नाही, कारण आतले जीव मेले की मोजायला काही राहत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम चालतं आणि देशभरातल्या संशोधन केंद्रांना जोडणारा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प 1977 पासून सुरू आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, एवढंच काय ते माहीत होतं.

तुम्ही मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावलंत, ते डोळ्यांसमोरून जात नाही. धुतलेली मुळी तुम्ही फ्लॉक्झिन-बी नावाच्या लाल रंगात थोडा वेळ बुडवली. बाहेर काढली तेव्हा गाठींवर बारीक लालभडक ठिपके उमटलेले. तो एकेक ठिपका म्हणजे चिकट द्रवात गुंडाळलेला अंडीपुंज, आणि एका पुंजात दोनशे ते पाचशे अंडी. गाठ सुईनं फोडल्यावर आतून पांढरी, फुगीर, बारीक मानेची मादी निघाली. ती एकदा मुळात बसली की तिथून हलत नाही. बाजूच्या काचेवर मातीतली पिल्लं वळवळत होती, लांबीला अर्धा मिलिमीटरसुद्धा नाहीत. हीच पिल्लं मुळाच्या टोकातून आत शिरतात, तिथल्या पेशी फुगवतात आणि झाडाचं अन्न बसल्या जागी ओढून घेतात. वर कितीही खत टाका, फुगलेल्या मुळातून पाणी आणि अन्न वर चढत नाही. पान पिवळं पडतं ते त्यामुळं. जमीन 27-30 अंशांच्या आसपास उबदार असली की अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचा फेरा साधारण महिन्यात पुरा होतो, आणि आमच्याकडं जमीन कधी थंड असते? फेरस-झिंकच्या पावत्या माझ्या पर्समध्येच होत्या.

या सूत्रकृमींनी केलेल्या जखमांमधून मर रोगाची बुरशी आत शिरते, हेही तुम्ही सांगितलंत. म्हणजे मर म्हणणारे अगदीच चुकीचे नव्हते, पण दार कुणी उघडून दिलं हे कुणी पाहिलं नव्हतं.

आता औषधांविषयी, कारण सगळ्यात जास्त ऋणी मी इथं आहे. आम्हाला एका ठिकाणाहून फोरेट या कीटकनाशकाचे दाणे टाकायचा सल्ला मिळाला होता. तुम्ही तो ऐकला आणि तुमचा आवाजच बदलला. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे, हे तुम्ही आम्हाला सांगितलंत आणि आमच्याकडं कामाला येणाऱ्या बायकांनाही वेगळं बसवून सांगितलंत. निमॅगॉन नावाच्या जुन्या औषधाची हकिकतही तेव्हाच सांगितलीत. ते याच सूत्रकृमींसाठी जमिनीत सोडायचे. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात ते तयार करणाऱ्या कारखान्यातल्या पुरुष कामगारांना मूल होत नाही असं उघडकीला आलं, आणि मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत राबणाऱ्यांनी पुढं त्यासाठी वर्षानुवर्षं दाद मागितली. उघड्या हातानं दाणे पेरणाऱ्या बायकांपैकी एकीनं विचारलं, "मग आमाला कुनी का न्हाई सांगितलं?" तुम्ही म्हणालात, "म्हणूनच आज सांगतेय, बाई." इतकी वर्षं शेतात राबणाऱ्या या बायकांशी कुणी शिकल्यासवरल्या माणसानं औषधाबद्दल असं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

नवी, तुलनेनं सुरक्षित सूत्रकृमीनाशकं बाजारात आहेत आणि गरज पडली तर वापरावी लागतील, हेही तुम्ही लपवलं नाहीत. फक्त लेबलवर आपलं पीक आहे का ते वाचायचं, नसेल तर बाटलीला हात लावायचा नाही, आणि मोजणी झाल्याशिवाय तर नाहीच. सूत्रकृमी बागेतून कायमचे जात नाहीत, त्यांची संख्या झाडाला सोसेल इतकी खाली ठेवायची असते, हे तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत. शंभर टक्के निर्मूलनाची हमी देणाऱ्यांच्या गर्दीत हे ऐकायला कडू होतं, पण त्यामुळंच तुमच्यावर विश्वास बसला.

मग आम्ही काय केलं ते इतरांसाठी लिहिते. ताण (बहाराआधी बागेचं पाणी तोडायचा काळ) संपवून बहाराचं पहिलं पाणी दिलं की झाड नवी पांढरी मुळी सोडतं आणि त्याच वेळी पिल्लं तिच्यावर तुटून पडतात. म्हणून सगळी तयारी ताणातच. एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखताला दोन किलो पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम (दुकानात ती बुरशी अजून पॅसिलोमायसेस या जुन्या नावानंही मिळते) आणि तेवढीच ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी मिसळून ढीग सावलीत पंधरा दिवस ओलसर ठेवला, अधूनमधून वरखाली केला. यातली पहिली बुरशी सूत्रकृमींची अंडी खाते. ढीग वाळला तर मेहनत वाया, त्यामुळं त्यावर ओलं गोणपाट टाकायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. पाण्याच्या आधी हे खत आणि झाडाला दोन किलो निंबोळी पेंड ड्रिपरच्या खाली, मातीत मिसळून. खोडाजवळ टाकून उपयोग नसतो. ड्रिपरखाली ओल, तिथं मुळी, आणि मुळी तिथं सूत्रकृमी.

झेंडूची गोष्ट सगळ्यांना ऐकीव माहीत असते. बांधावर दोन ओळी लावल्या की झालं, असं समजतात. झेंडूच्या मुळातलं अल्फा-टरथिनाईल हे द्रव्य त्याच्या स्वतःच्या मुळांच्या आसपासच काम करतं, दहा फुटांवरच्या डाळिंबाला त्याचा काही फायदा नाही, असं तुम्ही सांगितलंत. म्हणून आम्ही तो आळ्यातच, ड्रिपरच्या ओलीत लावला आणि फुलं संपल्यावर मुळं जमिनीतच राहू दिली. दसऱ्याला फुलांचे पैसे झाले, ते वेगळं. एक त्रास मात्र झाला, झेंडूवर लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) आला. तुम्ही आधीच सावध केलं होतं म्हणून रोज खालची पानं बघत होतो. आंतरपीक म्हणून टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी, कलिंगड यांपैकी काहीही बागेत घ्यायचं नाही, कारण ही सगळी सूत्रकृमींची आवडती पिकं. रिकाम्या पट्ट्यात ताग केला आणि गाडला.

जी झाडं गेली होती ती मुळासकट उपटून जाळली. खड्डे उन्हाळाभर उघडे ठेवून तापू दिले. वाचलेल्या झाडांनी पुढच्या बहाराला तरारून फुटवा घेतला. पुन्हा नमुना रंगवून बघितला तेव्हा लाल ठिपके होते, पण विरळ. आण्णांनी ते भिंगातून बघून "आता ह्यांच्यासंगं नांदायचं" असं म्हटलं, आणि तुम्ही फोनवर मोठ्यानं हसलात.

आमच्या शेजारच्या पेरूबागेचं दुःख मात्र मोठं आहे. त्यांच्या मुळांवरच्या गाठी बघताच तुम्हाला शंका आली ती सूत्रकृमींच्या एका जातीची: मेलॉयडोगायनी एन्टेरोलोबी, जिची पेरूवरची नोंद आपल्या देशात 2016 साली तमिळनाडूतून झाली. सूत्रकृमी स्वतःच्या ताकदीनं वर्षभरात जेमतेम मीटरभर सरकतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो तो रोपांच्या पिशवीत बसून. त्यांची रोपं लांबच्या नर्सरीतून आली होती. देखणी, हिरवीगार. पिशवी फाडून मूळ कुणी बघत नाही, विकणारा बघू देत नाही. तुमच्या म्हणण्याप्रमाणं प्रत्येक नर्सरीला मुळं तपासून दाखला देणं सक्तीचं व्हायला हवं. मी तर म्हणते, दाखला नसेल तर रोप फुकट मिळालं तरी घेऊ नये.

त्याच दुपारी तुम्ही आमची एक समजूतही सुधारलीत. मातीतले बहुतेक सूत्रकृमी पिकाला हातही लावत नाहीत, जिवाणू आणि बुरशी खाऊन जमीन चालती ठेवतात, आणि हेटरोऱ्हॅब्डायटिस जातीचे तर हुमणीला, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या अळीला, मारतात. उसाला हुमणी लागलेला माझा भाऊ हे ऐकून उठून बसला.

मॅडम, फी विचारली तेव्हा तुम्ही आण्णांकडून एक डाळिंब मागून घेतलंत, बस्स. निवृत्तीनंतर एवढ्या उन्हात, स्वतःच्या पेट्रोलवर, घमेल्यात हात घालून मुळं धुणारं माणूस आम्ही दुसरं पाहिलं नाही. आमच्या घरावर तुमचे फार उपकार आहेत.

आता पुढचं काम सांगते. आमच्या बचत गटातल्या बायकांनी गुटी कलमांची (झाडावरच फांदीला मुळं फुटू देऊन केलेल्या कलमांची) छोटी रोपवाटिका करायचं ठरवलंय. पिशव्या भरायची माती एप्रिल-मे महिन्यांत पाणी देऊन, 25 मायक्रॉनच्या पारदर्शक प्लॅस्टिकखाली सहा आठवडे तापवणार आहोत. दुकानदार काळा-चंदेरी मल्चिंग पेपर गळ्यात मारत होता, तो परत केला. ऊन आत शिरायला पारदर्शकच लागतो, हे तुमचं वाक्य बायकांना पाठ आहे. माती तापवून झाली की त्यातली थोडी कुंडीत भरून टोमॅटोचं रोप लावणार, महिना-दीड महिन्यानं ते उपटून मुळं बघणार, आणि गाठ दिसली नाही तरच त्या मातीत कलमं भरणार. ते रोप उपटायच्या वेळी तुम्ही इथं असावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. जूनमधली तुम्हाला सोयीची तारीख कळवा. एसटी स्टँडवर घ्यायला माझा भाऊ येईल, त्याला हुमणीबद्दल अजून बरंच विचारायचंय.

आपली नम्र,
एक डाळिंब बागायतदार
ता. सांगोला, जि. सोलापूर